बोरूंची जुडी

त्या राज्यात तळे एकच होते आणि त्याचे पाणी यंदा कुठवर चढेल, हे कुणालाच ठाऊक नसे. काठावर राहणाऱ्यांची अंडी दर चार-दोन वर्षांनी वाहून जात. रडून झाले की घरटी पुन्हा तिथेच होत.

पाण्याची नोंद फक्त पाणकोंबडीच्या घराण्यात होती. तळ्यातल्या एका खुंटावर तिच्या आजीने चोचीने खूण पाडली होती. वर्षातले सर्वांत जास्त पाणी त्या खुणेच्या जितके वर येई, तितक्याच लांबीचा बोरू तोडून ठेवायचा. आजीचे बोरू, आईचे, मग तिचे. चांगली जाड जुडी झाली होती. जुडीबरोबर एक गोष्टही तोंडी चालत आली होती. आईच्या काळात एका म्हशीने अंग घासले आणि खुंट तीन चोचींइतका खाली रुतला. म्हणून त्याआधीचे बोरू तीन चोची जास्त धरायचे. नुसत्या बोरूंकडे पाहून हे कळत नसे. घरात माहीत होते, तेवढे पुरत होते.

एकदा करकोचा आला. तो जलपंडित म्हणवून घेई.

"वहिनी, जुडी घरात ठेवून काय उपयोग? चार जणांच्या कामी येऊ द्या की. नाव तुमचंच राहील."

तिला पटले. तिने बोरू पुसून, क्रमाने लावून दिले. तीन चोचींचे सांगायचे राहिले, कारण तो घाईत होता. सभेत सांगू, असे तिने ठरवले.

सभेत करकोच्याने जुडी उंच धरली. "माझ्या प्रदीर्घ निरीक्षणातून," अशी सुरुवात केली. सर्वांत लांब बोरू आजीचा होता. तो खुंटावरच्या खुणेपासून मोजून त्याने काठाने दगडांची रेघ आखून दिली आणि रेघेच्या वर खुशाल घरे करा म्हणाला. शेवटी, काठावरच्या काही पाणपक्ष्यांचे सहकार्य लाभल्याचेही सांगितले. पंखांचा केवढा फडफडाट झाला! बोलायला उघडलेली चोच पाणकोंबडीने मिटून घेतली.

"काय गं, काही राहिलं का सांगायचं?" शेजारच्या खंड्याने विचारले.

"सहकार्य संपलं माझं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती प्रत्येक ढगाकडे मायेने बघू लागली. करकोचा सभेत मान खाली घालून उभा आहे, हे चित्र ती मनात रोज थोडे सुधारून घेई. कधी त्याचे पाय चिखलात रुतलेले असत, कधी चोच थरथरत असे. सगळ्यांनी रेघेला लागून घरटी केली. तिने आपले घरटे तीन चोची वर बांधले.

"डोंगरावरच जा ना राहायला," खंड्या हसला.

ती काळजीखोर आहे, हे सगळ्यांना माहीत होते. चरायला निघाली की अर्ध्या वाटेतून परत येऊन अंडी मोजायची. जशी काही ती गावाला जाणार होती. त्यामुळे कुणाला संशय आला नाही.

एका दुपारी टिटवी आली. ती लवकरच आई होणार होती.

"ताई, रेघ बरोबर आहे ना गं? माझी पहिलीच वेळ. चार आहेत."

पाणकोंबडीच्या घशाशी शब्द आले. पण आत्ता सांगावे, तर करकोचा रेघ वर सरकवणार आणि पुन्हा त्याच्यासाठीच पंख फडफडणार.

"पंडितांना विचार," ती म्हणाली. "रेघ त्यांची आहे."

मग उरलेली दुपार ती स्वतःला समजावत बसली, की आपण खोटे काही बोललो नाही. आणि खरेच, ती खोटे बोलली नव्हती.

पाणी आजीच्या त्या वर्षाइतकेच चढले. रेघ बुडाली, मग रेघेवरची घरटी बुडाली. अंडी तळ्याच्या मध्यापर्यंत तरंगत गेली आणि आया काठाकाठाने ओरडत धावल्या. करकोच्याचे घरटे चिंचेच्या शेंड्यावर होते. त्याचे एक पीसही भिजले नाही. इतके दिवस पाणकोंबडीने फक्त त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणला होता. तो राहतो कुठे, याचा विचारच केला नव्हता.

पाणी उतरल्यावर सभा चिखलातच भरली. करकोच्याची मान ताठ होती.

"रेघ मी जुडीवरून आखली. जुडी माझी नाही. ती पाणकोंबडीबाईंची, त्यांच्या आईची आणि आजीची. एकेक बोरू त्यांच्या घरातला आहे." तिन्ही पिढ्यांची नावे त्याने सावकाश, शेवटच्या रांगेला ऐकू जातील अशी घेतली.

सगळ्यांनी माना वळवल्या. अख्ख्या काठावर एकच घरटे कोरडे होते. त्यात पाच पिल्ले चोची वासून कलकलत होती. पाणकोंबडीने त्यांच्यावर पंख पसरले.

टिटवी तेवढी गर्दीतून पुढे आली. दगडांच्या रेघेपाशी वाकून तिने चोच जमिनीवर आडवी टेकवली, खूण केली, आणि खुणेपासून वर पुन्हा टेकवली. तिसऱ्यांदा टेकवली, तेव्हा चोचीचे टोक घरट्याच्या पहिल्या काडीला लागले.