कॅरिअर सोडा

कोल्हापूर ते गगनबावडा सायकल-सफरीच्या सकाळी सायकल क्लबचे अध्यक्ष यशवर्धन इंगवले प्रत्येकाची सायकल स्वतः तपासत होते. त्यांची स्वतःची सायकल एका बोटावर उचलली जायची, आणि ते ती उचलून दाखवायचेही.

दातांच्या डॉक्टर वसुधा चौगुले यांची सायकल मात्र बारमाही कामाची. घाटासाठी गिअर, खड्ड्यांसाठी जाड टायर आणि मागं दणकट कॅरिअर.

"मॅडम, सफरीला आलाय की बाजाराला?" अध्यक्षांनी विचारलं.

"दोन्हीकडं हीच येते, सर."

"मग कॅरिअर इथंच सोडा, नाहीतर नाव खोडतो. बाईमाणसाला कॅरिअर सांभाळून चढ चढणं जमायचं नाही."

वसुधाताई शांतपणे म्हणाल्या, "लग्न झाल्यावर आमचे सासरेही हेच म्हणाले होते. मी काही कॅरिअर सोडलं नाही. परवा त्याच कॅरिअरवर बसून ते माझ्या दवाखान्यात कवळी बसवायला आले."

अध्यक्षांनी निमूटपणे सफरीचा बिल्ला त्यांच्या हातात ठेवला.

बघ्यांच्या गर्दीत एक म्हातारे गृहस्थ छाती काढून उभे होते आणि तोंडभर हसत होते. दात अगदी नवेकोरे होते.