रापणीतला चौथा तुकडा

"सुनेला वाटेकरी केलंस म्हणे, धाकू! कर चुकवायला बरी युक्ती काढलीस!"

जकातदार रघोपंत भर किनाऱ्यावर असे ओरडले, आणि धाकू तांडेलाच्या हातातली टोपली खालीच पडली.

पंत का चिडले, ते सांगतो. रापण म्हणजे काही एकट्याचं जाळं नव्हे. घराघरातून जाळ्याचे तुकडे यायचे, कुणाचा एक, कुणाचे चार. ते सगळे एकमेकांना बांधले, की अर्धा किनारा वेढेल एवढं मोठं जाळं व्हायचं. होडीतून ते समुद्रात गोल सोडायचं आणि दोन्ही टोकं धरून सगळ्यांनी काठावर ओढायचं. ज्याचे जितके तुकडे, त्याला मासळीचे तितके वाटे. आणि रीत अशी, की ज्याचा तुकडा त्यानंच बांधायचा, त्यानंच सोडायचा. दुसऱ्या कुणी त्या गाठीला हात लावायचा नाही!

राजाचा कर असा होता: तीन वाट्यांपर्यंत दहा टोपल्यांतली एक सरकारची. तीनच्या वर वाटे गेले, की दहातल्या तीन! धाकूचे तुकडे होते चार. त्यातला चौथा त्यानं चार माणसांसमोर सुनेला देऊन टाकला. सुनेचं नाव तुळसा. नवरा गलबतावर खलाशी, वर्षातून एकदा घरी यायचा. त्या तुकड्याचं सूत सासऱ्यानं आणलेलं, पण सगळा पावसाळा ओटीवर बसून तो विणला होता तुळसानं.

"नाव तिचं आणि मासळी तुझी!" पंत म्हणाले. "चारही वाट्यांचा जास्तीचा कर भर. आणि फसवलंस म्हणून चौथा तुकडा सरकारजमा!"

तुळसा पदर खोचून पुढं आली. "पंत, नेणार माझा तुकडा आणि दटावणार मामंजींना? हे कसं हो?"

"ते राजाला विचार!" पंत गुरगुरले.

"विचारते की!" तुळसा म्हणाली, आणि खरंच सासऱ्याला घेऊन दरबारात जाऊन उभी राहिली.

राजा मनाचा वाईट नव्हता हो, पण हट्टी! त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरं सांग पोरी, कर वाचावा म्हणूनच केलंत ना हे?"

"कर वाचला म्हणून मामंजी काही रडत बसणार नव्हते, महाराज!" तुळसा म्हणाली. "पण तुकडा दिलाय तो खराच दिलाय. माझ्या वाट्याचा कर मी स्वतः डोक्यावरून आणून देईन. वाटा मात्र माझा!"

दरबार हसला. राजाला ते काही आवडलं नाही.

"तुझा ना? मग आठ दिवसांनी मी किनाऱ्यावर येतो. तुझ्या तुकड्यानं धरलेली मासळी मला वेगळी दाखव, सासऱ्याची वेगळी! नाही दाखवलीस तर तुकडा जप्त!"

घरी येताना धाकू वाटेतच बसला. "बाय माझे, जाळं एक, समुद्र एक! कुठला बांगडा कुणाच्या तुकड्यानं धरला, हे त्या बांगड्याला तरी ठाऊक असतं का गो?"

"उठा मामंजी, भात निवतोय," तुळसा एवढंच म्हणाली.

आठव्या दिवशी सकाळी राजा आला. पंत आले. सगळा गाव लोटला. रापण समुद्रात सोडली होतीच. "होऽऽ लेऽऽ" करीत दोन्ही बाजूंनी माणसं ओढू लागली. जाळं वाळूवर आलं. आणि बघतात तर काय! आत शेवाळ, दोन खेकडे आणि एक फुटकी करवंटी!

"मासळी कुठाय?" राजा गरजला.

"मामंजींच्या तीन तुकड्यांची आणि गावाच्या तुकड्यांची मासळी ही समोर आहे, महाराज," तुळसा हात जोडून म्हणाली. "माझ्या तुकड्यानं धरली असती ती सगळी तिकडं समुद्रात पोहतेय. वेगळी दाखवा म्हणालात, दाखवली! मोजून घ्यावी!"

जाळ्याच्या मधोमध दारासारखं भगदाड होतं. चौथा तुकडा तुळसाच्या खांद्यावर, नीट घडी घातलेला!

राजाच्या ओठांवर हसू आलं होतं, पण त्यानं ते दाबलं. "धाकू, तू हिला सोडू दिलास तुकडा?"

"मी कोण सोडू देणार, महाराज?" धाकू कळवळून म्हणाला. "माझा असता तर हातातून हिसकावून घेतला असता! पाया पडायचा बाकी राहिलो. म्हणाली, मामंजी, गाठ माझी, तुम्ही बाजूला व्हा! अख्ख्या गावाची आजची मासळी गेली. ती पुढच्या मोसमात हिच्या वाट्यातून भरून देणार आहे म्हणे!"

पंत पुढं सरसावले. "महाराज, हे सगळं नाटक! सूत सासऱ्याचं होतं. ज्यानं दिलं, त्याचंच उत्पन्न धरायचं!"

तुळसा त्यांच्याकडं वळली. "पंत, नदीकाठची तुमची आमराई छान आहे हो. कुणी दिली?"

"कुणी म्हणजे? महाराजांनी! इनाम आहे मला!" पंत छाती काढून म्हणाले.

"मग यंदाचे आंबे महाराजांच्या घरी पोचवलेत का?"

पंत हळूच दोन पावलं मागं सरकले. राजानं एकदा पंतांकडं पाहिलं, एकदा त्या फुटक्या करवंटीकडं, आणि वाळूवर बसून पोट धरून हसायला लागला!

"पोरी, चौथा वाटा तुझा! तुझा कर तू भर, सासरा त्याचा भरेल. हट्ट माझा होता, तेव्हा गावाची आजची मासळी मी भरून देतो. आणि तुला काय देऊ?"

"सूत द्या, महाराज," तुळसा म्हणाली. "पाचवा तुकडा विणायचाय. सुनेला तुकडा मिळाला, मला का नाही म्हणून सासूबाई कधीच्या माझ्यावर रुसून बसल्यात!"