मूर्तीच्या मापाच्या पादुका

एका राज्यात दुखण्याला परंपरा म्हणत. म्हणणाऱ्यांचे स्वतःचे पाय मात्र सदैव गादीवर असत. त्यांनी राजांना लंगडताना पाहिलं, राण्यांना भिंत धरून उठताना पाहिलं, आणि पाहून मान फिरवली. त्यांची नावं या कथेत नाहीत. ज्यांना एक साधा प्रश्न विचारता आला नाही, त्यांची नावं कथेनं तरी का सांभाळावीत?

त्या राज्याची राणी सुवर्चा. वयानं तरुण, वंशात एकटी. राज्याभिषेकाच्या दिवशी तिच्या पावलांवर आधी रेशमी पट्ट्या गुंडाळल्या, मग त्यावर मूळपुरुषाच्या पादुका चढवल्या. सोन्याच्या पादुका, वर माणकांची नक्षी. तळ सपाट, कातळासारखा कठीण. टाचेला आधार नाही, बोटांना जागा नाही. त्या दिवसापासून राणीचं पाऊल कुणी पाहिलं नाही. रीतच तशी होती. लोक पादुकांना वाकत, पावलांना नव्हे.

आणि ज्याला पायातलं काढता येत नाही, त्याला कुणाच्या घरात जाता येत नाही. राणी गावोगाव जाई, अंगणात उभी राही, ओवाळून घेई आणि माघारी फिरे. आतून भाकरीचा वास येई. पोरांची भांडणं, सुनांचं हसणं ऐकू येई. उंबरठ्याच्या अलीकडे राणी, पलीकडे सगळं राज्य.

तिच्या पावलांची ओळख एकाच माणसाला होती: कोंडाई दाईला. ती लहानग्या सुवर्चेचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळत असे. पण अभिषेकाच्या दिवशीच कोंडाईला राजवाड्यातून हलवलं आणि दूर शिवेवरच्या कातळवाडीला धाडलं. राजाच्या पावलाचा ज्याला स्पर्श ठाऊक आहे, असं माणूस वाड्यात नको, असं कुणीसं म्हणालं. कुणीसं म्हणालं आणि सगळ्यांनी ऐकलं.

त्या राज्याला एक शाप होता. दर दसऱ्याला राजानं एकट्यानं शिवेच्या फेरीला निघायचं. कोजागिरीचा सूर्य मावळेपर्यंत त्याचं पाऊल जिथवर पोचेल, तिथवर राज्य. पुढची गावं धुक्यात जात. मरत नसत. धूर निघताना दिसे, माणसं हलताना दिसत, पण आवाज येत नसे. त्यांना इकडे येता येत नसे, इकडच्यांना तिकडे जाता येत नसे. पुढच्या फेरीत पाऊल पोचलं तर गाव परत मिळे. दुसऱ्यांदाही चुकलं तर कायमचं जाई. आजवर गेलेलं एकही गाव परत आलं नव्हतं. प्रत्येक राजा आपल्या बापापेक्षा थोडा अलीकडेच थांबला होता.

गेल्या वर्षी सुवर्चा कातळवाडीच्या अलीकडच्या ओढ्यापाशी कोसळली. पलीकडे कोंडाई अंगणात उभी होती. तिचे ओठ हलत होते. राणीला एक अक्षर ऐकू आलं नाही.

यंदाचा दसरा उजाडला. राणी निघाली. निशाण, वाद्यं, छत्र, सगळे वेशीपर्यंत आले आणि रीतीप्रमाणे परतले. एक दिवस ती चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखालून उठून पहिलं पाऊल टाकलं, आणि टाचेत तापलेला खिळा घुसावा तशी कळ आली. ती मटकन दगडावर बसली. पुढे निर्जन माळ होता, मागे निर्जन माळ होता.

माळावर एक टिटवी चरत होती. तिनं मान वाकडी करून पाहिलं.

"राणीसरकार," टिटवी म्हणाली, "शीव पुढं आहे. बसण्याची जागा मागं राहिली, राजवाड्यात."

"आम्ही विसावा घेत आहोत."

"तुझ्या बापानंही इथंच विसावा घेतला होता. त्याच दगडावर. आज्यानं जरा पुढच्या. मी आणि माझ्या आयांनी तुमचे सगळे विसावे पाहिलेत."

राणीनं पुढच्या माळाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "उपाय आहे?"

"उपाय शिवेवरच्या बोडक्या डोंगरावर राहतो. वेताक्ष त्याचं नाव. ज्यानं पादुका केल्या तोच. शापही त्याचाच. पण तोंडाचा फार तिखट आहे हो."

"तुझ्याहून?"

"मी त्याच्याकडंच शिकले," टिटवी म्हणाली आणि तुरुतुरु पुढे निघाली.

वेताक्ष जादूगार फार म्हातारा होता. त्याच्या गुहेच्या भिंतींना पायतणं टांगलेली होती: वाऱ्यासाठी केलेल्या वहाणा, नदीसाठी केलेले जोडे, एका हत्तीचा राहून गेलेला चौथा बूट. तो खाली मान घालून दोरा ओवत होता. त्यानं आधी पादुकांकडे पाहिलं, मग राणीकडे.

"अजून घालता तुम्ही या?"

"रीत आहे."

"रीत!" म्हातारा खदखदून हसला. "काय हवंय?"

"ज्यात चालता येईल असं काही. कातळवाडीपर्यंत."

"मग तीन मापं आण. पहिलं, तुझं ओलं पाऊल. दुसरं, तुझं संध्याकाळचं पाऊल. तिसरं, ही दोन आणलीस की सांगेन."

डोंगराखाली एक तळं होतं आणि काठी काळे दगड. त्या दगडांवर उमटलेलं काहीही पुसलं जात नसे. राणीनं आयुष्यात पहिल्यांदा उघड्यावर बसून पट्ट्या सोडल्या. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, तरी तिनं चारदा वळून पाहिलं. पावलं पाण्यात बुडवली आणि दगडावर उभी राहिली.

खाली उतरून पाहिलं, तर तिला ते पाऊल आपलं वाटेचना. राज्यभर दारांवर राजघराण्याची पावलं रेखलेली असत: निमुळती, नाजूक, मध्ये खोल कमान. हे पाऊल पुढं पसरट होतं. मध्ये कमान नव्हतीच. सगळा तळवा भाकरीसारखा दगडावर टेकलेला. ती बराच वेळ त्या ठशाजवळ बसली. एवढी वर्षं हे पाऊल तिला घेऊन हिंडत होतं, आणि तिनं त्याला एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मग तिनं दगड उचलून कडेवर घेतला आणि डोंगर चढली.

वेताक्षानं दगडावरून बोट फिरवलं. "कमान खचलेली. म्हणून मधोमध आधार हवा. आता दुसरं." त्यानं एक लाल धागा दिला. "दिवसभर चाल. सूर्य कलला की धागा पावलाभोवती गुंडाळ. सकाळचं पाऊल चालत नाही. सकाळी सगळेच सडपातळ असतात."

राणी दिवसभर नदीच्या वाळूत अनवाणी चालली. उन्हं उतरली तेव्हा पावलं सुजून टम्म झाली होती. तिनं धागा गुंडाळला आणि अभिषेकापासूनच्या सवयीनं जरासा आवळला. जरासाच. धागा तटकन तुटला, आणि तुटताच आपोआप जुळला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा हात आवळायला गेला, पुन्हा तटकन.

"कुणासाठी आवळतेस?" टिटवीनं विचारलं. "इथं मी आहे आणि खेकडे आहेत. खेकड्यांना काय पडलंय?"

राणीनं श्वास सोडला. धागा सैल सोडला. तो एकेका पावलाभोवती शांत बसला आणि दोन्ही मापांवर त्याची गाठ पडली.

वेताक्षानं धागा दिव्याजवळ धरला. "दोन्ही पावलांत फरक आहे. डावं मोठं. मापं मोठ्या पावलाची घ्यायची." मग त्यानं दोरा खाली ठेवला. "आता तिसरं माप. कुठं दुखतं ते सांग."

राणी ताठ बसली. "आमच्या चरणांना किंचित क्लेश होतात."

"हे दरबारात सांग. मला सांग, कुठं दुखतं?"

"प्रवासात विश्रांतीची गरज भासते."

वेताक्ष उठला आणि तिच्याकडे पाठ करून चुलीवर पाणी ठेवू लागला. बाहेर वारा सुटला होता. राणीच्या मनात आलं, उठावं, पादुका चढवाव्यात आणि जावं. मग तिला ओढ्यापलीकडचे ते हलणारे ओठ आठवले. यंदा चुकलं तर ते ओठही दिसणार नव्हते.

"टाच," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "उजवी टाच. आतल्या बाजूला. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसतो. चालत राहिलं की बोथट होतं, आणि बसून पुन्हा उठलं की पुन्हा तेच. रोज. अभिषेक झाल्यापासून रोज. मी कुणालाही सांगितलेलं नाही. मला विचारलंच नाही कुणी."

जादूगार वळला. तो खाली बसला, तिचं पाऊल त्यानं आपल्या खडबडीत हातांत घेतलं आणि अंगठ्यानं टाचेखाली दाबलं.

"इथं?"

राणी ओरडली. मग रडली. कळ ओसरली तरी रडतच राहिली. कोंडाई गेल्यापासून तिच्या पावलाला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता.

"एवढंच ऐकायचं होतं मला," वेताक्ष हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या मूळपुरुषाकडून. तो माझ्याकडं आला, म्हणाला, वहाणा कर. मी म्हटलं, पाऊल दे. तो म्हणाला, राजा कुणाच्या हातात पाऊल देत नसतो. आणि त्यानं राजवाड्यातल्या सोन्याच्या मूर्तीचा पाय कापून माझ्यापुढं टाकला. याच्या मापानं कर, म्हणाला. मी केल्या. त्या पादुका चुकलेल्या नाहीत, राणी. मूर्तीला अगदी बरोबर बसतात. आणि मी रागानं बोलून गेलो: तुझ्या वंशातलं कुणी स्वतःचं पाऊल देईपर्यंत, तुमचं पाऊल पोचेल तेवढंच तुमचं राज्य." तो थांबला. "तो तर मरून गेला. भोगलं भलत्यांनी. मीही इथं बसून राहिलो, कुणी येईल म्हणून."

मग तो कामाला लागला. टाचेभोवती कासवाच्या पाठीची भक्कम वाटी बसवली, म्हणजे टाच डुगडुगणार नाही. टाचेखाली शेवरीच्या कापसात एक झुळूक बांधून घातली. मधोमध, खचलेल्या कमानीखाली, उंचवटा दिला. बोटांपाशी रुंद जागा सोडली. तळाला घोरपडीच्या पंज्यासारखे खवले कोरले. वहाण पुरी झाल्यावर त्यानं ती दोन्ही हातांनी पिळून पाहिली. ती पिळली गेली नाही. वाकली फक्त बोटांपाशी.

"मधोमध वाकते ती वहाण नव्हे, धुवायचं फडकं," तो म्हणाला.

राणीनं पाहिलं. अशी जाड, बोजड, मातकट वहाण राज्यात कुणी पाहिली नव्हती. तिनं ती पायांत घातली आणि उभी राहिली. जमिनीनं तिला खालून धरल्यासारखं वाटलं.

"अजून दुखतंय," ती म्हणाली.

"दुखेल. महिनाभर तरी. मी जादूगार आहे, खोटारडा नव्हे. वाटेत थांबत जा. सकाळी उठलीस की आधी पोटऱ्या ताण, मग पाऊल टाक. शाप सुटायला पाऊल द्यावं लागतं, ते तू दिलंस. पण गाव परत आणायला चालावं लागतं. ते माझ्या हातात नाही."

राणी निघाली. पादुका तिनं पाठीवर बांधल्या. वाटेत दमली तिथं ती बसली, आणि बसल्याची तिला लाज वाटली नाही. बापाच्या आणि आज्याच्या विसाव्याचे दगड केव्हाच मागे पडले होते. टिटवी ओढ्यापर्यंत आली आणि पाण्याच्या काठी उभी राहिली.

"इथून मी नाही," टिटवी म्हणाली. "माळ सुना पडेल."

"परत येईन."

"ये. पण विसावा घ्यायला नको. गप्पा मारायला ये."

कोजागिरीचा सूर्य टेकला होता. राणी ओढ्यात उतरली. शेवाळलेल्या गोट्यांवर तळाच्या खवल्यांनी घट्ट पकड घेतली. पलीकडच्या काठावर कातळवाडीचा शिवेचा दगड धुक्यात बुडालेला होता. तिनं उजवं पाऊल, दुखणारं, त्या दगडापलीकडं ठेवलं.

आधी एक कुत्रं भुंकलं. मग कुठंसं जातं घरघरलं. मग एक बाई कुणावर तरी करवादली, "अरे, शेरडं सोडलीस कशाला?" आणि त्या ओरडण्यासारखं गोड राणीनं जन्मात काही ऐकलं नव्हतं. धुकं कातळवाडीवरून उठलं, तिच्या पुढच्या गावावरून उठलं, त्याच्या पुढच्या. कायमची गेली म्हणून ज्यांची नावंही कुणी घेत नव्हतं, ती गावंसुद्धा एकेक करून बोलू लागली.

पुढे पादुका राजवाड्यातल्या लंगड्या मूर्तीच्या पायांत गेल्या. कापलेला पाय परत जोडला, आणि दोन्ही बरोबर बसल्या. मूर्तीनं काही तक्रार केली नाही. शिवेच्या फेरीला राणीबरोबर ज्याला यायचं तो येऊ लागला, आणि निघण्याआधी एकमेकांना विचारायची नवी रीत पडली: कुठं दुखतंय का? ज्यांना ही रीत आवडली नाही, ते गादीवरच बसून राहिले.

पण ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी राणी कातळवाडीच्या शेवटच्या घरापाशी आली आणि सवयीनं अंगणातच थांबली. दारात कोंडाई उभी होती. केस पांढरे, हाताला शेण लागलेलं. तिनं राणीच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं, त्या जाड, चिखलानं भरलेल्या वहाणांकडं, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"पायताण बाहेर काढ, पोरी," कोंडाई म्हणाली. "आत्ताच सारवलंय."