उशिरा दिलेला खो

"आबा, खो देताय की इथंच संसार थाटू?"

चौकटीत दबा धरून बसलेल्या केतकीने मान वळवून विचारलं. वेळापूरच्या मैदानावर तिच्याइतकं चपळ कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती.

तिचे गुरू जालिंदर आबा पाठीमागे उभे राहून निवांत शेंगा सोलत होते.

"बस की. घाई काय?"

घाई होती. तिच्या उजव्या टाचेमागची शीर रोज उठल्या उठल्या इतकी ठणकायची, की पाऊल टेकवत नसे. पण पळून अंग तापलं की दुखणं गायब. म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन मैदानाला गुपचूप फेऱ्या मारायची. आबा येईपर्यंत बाई हरणासारखी! आता मात्र बसून बसून शीर पुन्हा आखडत चालली होती...

"खो!"

केतकी उठली. लंगडतच.

आबांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

"कधीपासून?"

"...दिवाळीपासून."

आबांनी तिला पालथं झोपायला लावलं. पोटरी दाबली, तसं पाऊल आपसूक हललं. मग शीर चिमटीत धरली.

"आई गं!"

"तुटली नाही. रुसलीय नुसती."

"मग विश्रांती घेऊ?"

"झोपवून ठेवलीस तर लाडावेल."

"मग पळू?"

"पळवलीस तर तुटेल."

"मग करू तरी काय, आबा?"

आबांनी तिला मैदानाकडेच्या पायरीवर उभं केलं. चवडे पायरीवर, टाचा अधांतरी. टाचा उचलत चढायचं दोन्ही पायांवर, टाच खाली सोडत उतरायचं दुखऱ्या एकट्या पायावर. सावकाश.

केतकी झटकन चढली, धपकन उतरली.

"झालं! रविवारी मी आहे ना संघात?"

"नाहीस."

केतकीने नाक ओढलं. आबांनी मूठभर शेंगा तिच्या हातावर ठेवल्या.

"मग कधी घेणार?"

"तुझं उतरणं बघता बघता मला झोप लागेल, त्या दिवशी."

केतकी पुन्हा चढली. दात आवळून, इंच इंच उतरली. पुन्हा चढली. आबा लिंबाच्या बुंध्याला टेकले. त्यांचे डोळे मिटले, मान कलली...

केतकीने हळूच वेग वाढवला.

"जागा आहे मी," आबा मिटल्या डोळ्यांनी म्हणाले.