सात दगडांखालचा कोळसा

माणूस जातो, मग त्याची जमीन कुणाची होते?

एका धाकट्या भावाने हा प्रश्न दहाव्याला विचारला, तेराव्यालाही विचारला. कुणी म्हणालं, "आधी दोन घास खा." कुणी म्हणालं, "ही वेळ आहे का हे विचारायची?" उत्तर कुणीच दिलं नाही. ते त्याने स्वतःच्या हाताने कसं शोधलं, ते लहानांनी ऐकावं आणि मोठ्यांनी तर ऐकावंच.

फार मागच्या काळी, एका डोंगराच्या पायथ्याशी दोन भाऊ राहत होते. थोरला शांत होता, धाकटा तापट होता. थोरला तीन दिवसांच्या तापाने गेला. मागे त्याची बायको आणि चार वर्षांची लेक राहिली.

थोरल्याची जमीन तीन ठिकाणी होती. तळ्याखालचं शेत आजोबांपासून चालत आलेलं, अजून न वाटलेलं. त्यात निम्मा हिस्सा काकाचा आणि निम्म्यात हे दोघे भाऊ. तळ्याकाठचा तुकडा राजाने दिलेला, तळ्याची मोरी, म्हणजे पाणी सोडायची वाट, साफ ठेवण्याच्या बदल्यात. आणि शेताच्या वरच्या अंगाला माळ. तो थोरल्याने राजाची परवानगी घेऊन एकट्याने फोडला होता. ओढ्यातला गाळ डोक्यावर वाहून त्याने तिथे माती केली होती. शेत आणि माळ यांच्या मध्ये त्याने सात दगड पुरले होते.

तेरावा झाला. शेजारी सहज बोलून गेला, "त्या दगडांपलीकडचं आता तुझ्या वहिनीचं आणि पुतणीचं. तुझं नव्हे."

धाकट्याच्या काळजाला ते लागलं. "दादात आणि माझ्यात दगड?" म्हणत त्याने पहार उचलली. पहिले तीन दगड त्याने मुळापासून उकरले आणि खालची मातीसुद्धा ओढ्यात फेकली. तोवर हात थकले. उरलेले चार त्याने नुसते उपटून ओढ्यात ढकलून दिले.

"भावजी, थांबा," वहिनी धावत आली.

"वहिनी, आता सगळं एकच. तुमचं ते माझं, माझं ते तुमचं."

दुसऱ्या सकाळी काका रानात येऊन उभा राहिला. पान चघळत त्याने वरपासून खालपर्यंत नजर फिरवली.

"बरं केलंस, पोरा. सगळं एक केलंस. मग सगळंच वडिलोपार्जित. म्हणजे माळातही निम्मं माझं."

धाकट्याने पुन्हा पहारीला हात घातला. वहिनीने ती त्याच्या हातातून काढून घेतली. "या पहारीने काल केलं तेवढं पुरे. वडिलोपार्जितात लेकीला वाटा नाही, माझ्या लेकीला तेवढाच एक माळ आहे हक्काचा. मोजणीदाराला बोलवा."

राजाचा मोजणीदार म्हातारा होता. खांद्यावर दोर टाकून तो आला आणि बांधावर बसला.

"माळ कुणाचा?" त्याने विचारलं.

"दादाचा," धाकटा म्हणाला.

"खालचं शेत?"

"तेही दादाचं."

"आणि तळ्याकाठचं?"

"दादाचंच की. सगळं दादाचं."

"सगळ्या गाई एकाच दाव्याला बांधतोस तू," म्हातारा म्हणाला. "जमीन कुणाची हे मागून विचार. ती आली कशी, ते आधी विचार. रक्ताने आलेली जमीन रक्तात वाटली जाते. कामाने आलेली कामाबरोबर जाते. घामाने मिळवलेली ज्याची त्याची, आणि त्याच्या मागे त्याच्या बायकोमुलांची."

मग तो काकाकडे वळला. "तळ्याकाठचा तुकडा हवा का? मोरीत गळ्यापर्यंत उतरून गाळ काढावा लागतो."

काकाने खाली पाहिलं. "माझे गुडघे दुखतात."

"माळाचं नाव काढलं तेव्हा बरे होते," कुणीतरी मागून म्हणालं. लोक हसले.

"मी उतरतो," धाकटा म्हणाला.

"मग तो तुकडा तुझा. उतरायचा थांबलास की तुझाही नाही."

"ते राहू दे," काका म्हणाला. "माळ वेगळा होता याची खूण कुठे आहे? दगड तर ओढ्यात आहेत."

तेव्हा वहिनी पुढे आली. "दगडाखाली बघा. माळ फोडला तेव्हा ह्यांनी माझ्याच चुलीतले कोळसे नेले होते. परात मी भरून दिली होती."

त्या मुलखात तशी रीतच होती. नवी जमीन करणारा आपल्या चुलीतले विझलेले कोळसे हद्दीच्या दगडाखाली पुरायचा. दगड हलवता येतो, लाकूड कुजतं, कोळसा मातीत तसाच राहतो.

खणायला सुरुवात झाली. पहिल्या खड्ड्यात काही नव्हतं. दुसऱ्यात नव्हतं, तिसऱ्यातही नव्हतं. धाकट्याचा चेहरा मातीसारखा झाला. चौथ्या खड्ड्यात काळं दिसलं. मग पाचव्यात, सहाव्यात, सातव्यात.

"चार दगडांपुरता माळ या बाईचा," मोजणीदार म्हणाला. "तीन दगडांपुरती पट्टी शेतात धरली जाईल. खूण या पोराने स्वतःच मोडली आहे."

त्याच दिवशी शेताची वाटणी झाली. ती पट्टी काकाच्या बाजूला गेली. गाळाची सगळ्यात चांगली माती तीच होती. वहिनी खाली बसून उरलेल्या चार खड्ड्यांतले कोळसे मातीने झाकू लागली. धाकट्याला तेच जास्त झोंबलं.

"माझ्या वाट्यातली तेवढीच पट्टी वहिनीला दिली," तो म्हणाला.

"तोंडाने दिलेली जमीन तोंडातच राहते," म्हातारा म्हणाला. "उद्या तुझं लग्न होईल, पोरं होतील, ती विचारतील. पंचांसमोर दे, खूण करून दे."

धाकटा ओढ्यात उतरला. सातही दगड त्याने एकेक करून खांद्यावर वर आणले. चार जुन्या जागी बसवले. उरलेल्या तीन दगडांसाठी त्याने आपल्या वाट्यात आतल्या बाजूला खड्डे घेतले. पाच पंच उभे होते. परात घेऊन तो घरी गेला आणि स्वतःच्या चुलीतले कोळसे भरून आणले. ते पुतणीच्या हाताने खड्ड्यांत टाकवले, वर दगड बसवले आणि माती दाबली.

मग आपण कुठे उभे आहोत ते त्याने पाहिलं. पाय दगडांच्या आत होते. त्याने पहार उचलली, दगड ओलांडला आणि तो बाहेर आला. वहिनीला आणि पुतणीला जमीन देण्यातलं ते शेवटचं काम होतं, आपण तिच्याबाहेर होणं.

तात्पर्य: माया मनात एक असावी, पण रानातला बांध ज्याचा त्याला राखू द्यावा.