वाळूतली वाकडी वाट

समुद्र अगदी तरुण होता तेव्हाची गोष्ट. ओहोटी लागली की एक कुर्ली वाळूच्या गोळ्या करून आपल्या बिळाभोवती सरळ ओळी मांडायची. रोज त्याच ओळी, आणि बिळात पळायला मधे रोज तीच मोकळी वाट. तिची लेक बिट्टी मात्र आपल्या बिळाभोवती तंद्री लावून गोळ्यांच्या कधी लाटा मांडायची, कधी शंख.

“अगं, पुन्हा वाकडं? बगळा आला तर पळशील कुठून?” कुर्ली कावली.

“वाट ठेवलीय आई. तीही वाकडी आहे, एवढंच.”

“तिरपं चालणाऱ्यांच्या घरात हेच ऐकायचं राहिलं होतं!”

बिट्टी पाण्याकडे वळताच कुर्लीने लेकीच्या सगळ्या ओळी सरळ करून टाकल्या. तेवढ्यात बगळा उतरला. बिट्टी आपल्या वळणाच्या वाटेने धावत आली आणि आईच्या सरळ ओळीवर आपटली. कुर्लीने ती ओळ लाथाडली, लेकीला बिळात ढकललं आणि मागोमाग स्वतःही घुसली.

वर भरतीने सगळंच पुसून टाकलं.

पुढच्या ओहोटीला कुर्ली नांग्या पोटाशी घेऊन बसली. “हवं ते काढ बाई. मी एक शब्द बोलणार नाही.”

बिट्टीने पहिली गोळी ठेवली.

“तिथे?” कुर्ली म्हणाली.