हौसाक्काची हिरवी सदाफुली

खूप वर्षं झाली त्याला. एका गावाच्या टोकाला हौसाक्का नावाची बाई राहायची. एकटी. इतकी एकटी, की भाकरी करपली तर स्वतःलाच रागवायची, मग रुसून बसायची आणि समजूत काढायलाही पुन्हा तीच!

एकदा तिच्या अंगणातल्या सदाफुलीला चक्क हिरवी फुलं आली. एकीनं बघितली, तिनं चौघींना सांगितलं, आणि अंगण भरून गेलं.

"अगं बाई, हिरवी फुलं! आक्का, एक फांदी द्या ना."

हौसाक्का हौसेनं फांद्या मोडून द्यायची, वर गूळ-पाणीही द्यायची.

एक दिवस वाटेनं जाणारा म्हातारा माळी कुंपणाशी थांबला. "हौसे, हे नवल नाही गं, रोग आहे. फुलाचं पान होतंय. तुडतुडे किडे याचा रस पितात आणि तोच रोग घेऊन टोमॅटोवर जाऊन बसतात. मग टोमॅटो नुसता फोफावतो, कळ्या हिरव्याच फुगतात, फळ धरत नाही. उपटून जाळ हे. ज्यांनी फांद्या नेल्यात त्यांनाही सांग."

"उद्या सांगते," ती म्हणाली.

पण उद्याही बायका आल्या. परवाही आल्या. अजून एकच दिवस, असं म्हणत महिना गेला.

मग शेजारची ठकू आली. डोळे रडून लाल. "आक्का, माझा टोमॅटोचा वाफा बघा. एवढा हिरवागार, पण एक फळ नाही. पोरांना काय घालू? कुणाची दृष्ट लागली असेल का हो?"

'हो' हौसाक्काच्या अगदी जिभेवर आलं होतं. तेवढं म्हटलं असतं, तर अंगण भरलेलंच राहिलं असतं.

"दृष्ट नाही गं," ती म्हणाली. "माझी सदाफुली. आणि मला ठाऊक होतं."

ठकू रागानं तडक निघून गेली.

हौसाक्कानं झाड उपटून जाळलं. मग घरोघर जाऊन खरं सांगितलं. कुणी तोंडावर दार लावलं. कुणी म्हणालं, "फांदी देताना बरी गोड बोलत होतीस!" पण रोगट झाडं सगळ्यांनी उपटली.

अंगण पुन्हा रिकामं झालं. हौसाक्का गुळाचा खडा स्वतःपुढेच ठेवायची आणि म्हणायची, "घ्या ना, संकोच करू नका."

पुढच्या हंगामात गावातले टोमॅटो लालबुंद झाले. एका दुपारी ठकू आली. पदरातले दोन टोमॅटो तिनं ओट्यावर ठेवले आणि शेजारी टेकली.

"द्यायला फांदी नाही गं आता माझ्याकडे," हौसाक्का पुटपुटली.

"फांदी कोण मागतंय? नुसती बसायला आले."

बोध एवढाच: नवल बघायला आलेली माणसं नवल संपलं की जातात, खरं ऐकून रागानं गेलेलं माणूस मात्र कधीतरी परत येतं.